डब्यातली अनामत



घरातल्या कोणाच्या तरी रक्ताची, लघवीची किंवा थुंकीची बाटली प्रयोगशाळेत पोहोचवण्याचे काम तुमच्यापैकी काही जणांनी केले असेल. तपासणीसाठी घेतलेल्या अशा पदार्थाला ‘नमुना’ म्हणतात. हा शब्द तुम्हाला नवा नाही. उर्दूतही तो आहे आणि मराठीतही. पण नमुना एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी कसा न्यावा, याचे नियम असतात. ते फार थोड्या लोकांना ठाऊक असतात. मलाही ते ठाऊक नव्हते.

मी नववीत होतो. माझे खालूजान महिनाभर खोकत होते. डॉक्टरांनी त्यांना बेडका तपासून घ्यायला सांगितले आणि प्लॅस्टिकची एक लहान बाटली दिली. खालूजानच्या अंगात प्रवासाची ताकद नव्हती, म्हणून बाटली घेऊन मला जिल्ह्याच्या गावी पाठवण्यात आले. मे महिना होता. मी डॉक्टरांची चिठ्ठी बाटलीभोवती गुंडाळली, वर रबर लावले आणि बाटली कापडी पिशवीत टाकली. त्याच पिशवीत माझा जेवणाचा डबा होता. एस.टी.चा प्रवास दोन तासांचा. पिशवी पायाशी ठेवून मी खिडकीला डोके टेकले आणि झोपी गेलो.

प्रयोगशाळेच्या खिडकीशी मी बाटली पुढे केली, तेव्हा झाकण सैल झालेले होते. चिठ्ठी भिजली होती. तिच्यावरचे नाव, वय, तारीख, सगळी शाई एकमेकांत मिसळली होती. आत बसलेले वयस्कर गृहस्थ रागावले नाहीत. त्यांनी आधी मला साबण दिला आणि हात धुवायला लावले. डब्यातले जेवण फेकून द्यायला सांगितले. मग ते म्हणाले, “बाळ, हा नमुना कोणाचा आहे हे मला वाचता येत नाही. ज्याचे नाव मला माहीत नाही, त्याचा निकाल मी कसा लिहू?”

दुसरा नमुना पोहोचायला आठ दिवस गेले. खालूजानना क्षयरोग होता. पुढे नियमित औषधे घेऊन ते बरे झाले. मात्र ते आठ दिवस घरातली चार लहान मुले त्यांच्याच खोलीत झोपत होती. त्यांतल्या एका मुलीलाही नंतर क्षयाची औषधे घ्यावी लागली. ते त्या आठ दिवसांमुळेच झाले, असे मी म्हणू शकत नाही. त्यांच्यामुळे झाले नाही, असेही म्हणू शकत नाही.

या लहानशा प्रसंगात दोन वेगवेगळ्या चुका आहेत. त्या नीट ओळखा. पहिली चूक म्हणजे आतला पदार्थ बाहेर आला. त्यामुळे मला, बसमधल्या प्रवाशांना आणि खिडकीशी बसलेल्या त्या गृहस्थांना धोका निर्माण झाला. दुसरी चूक म्हणजे नमुना बिघडला आणि त्याची ओळख पुसली गेली. त्यामुळे रुग्णाचे नुकसान झाले. नमुना नेण्याचे जगभरातले सगळे नियम या दोनच गोष्टींसाठी केलेले आहेत. आतले बाहेर येऊ नये, हे एक. आतले जसे होते तसेच पोहोचावे, हे दुसरे.

आता एक जुनी पण खरी हकिकत ऐका. १९७६ सालच्या सप्टेंबर महिन्यात आफ्रिकेतील झाईर या देशात एक अनोळखी ताप पसरला होता. या देशाला आज काँगो लोकशाही प्रजासत्ताक म्हणतात. तेथे आजारी पडलेल्या बेल्जियमच्या एका जोगिणीचे रक्त तपासणीसाठी बेल्जियममधील अँटवर्प शहरी पाठवण्यात आले. ते कसे पाठवले असेल? आपण चहा भरून नेतो तसल्या एका निळ्या थर्मासमध्ये. थर्मासात बर्फ आणि रक्ताच्या दोन काचेच्या नळ्या होत्या. विमानातल्या एका प्रवाशाने तो आपल्या हातातल्या सामानाबरोबर आणला. अँटवर्पच्या संस्थेत थर्मास उघडला, तेव्हा बर्फाचे बरेचसे पाणी झाले होते. एक नळी फुटली होती. रक्त, काचेचे तुकडे आणि पाणी एकत्र झाले होते. उघडणाऱ्यांच्या अंगावर साधे सुती कोट आणि हातांत रबरी मोजे, एवढेच संरक्षण होते. पीटर पियॉट हे २७ वर्षांचे तरुण शास्त्रज्ञ त्यांच्यात होते.

फुटक्या नळीशेजारच्या शाबूत नळीतून जो विषाणू सापडला, त्याला पुढे एबोला हे नाव मिळाले. झाईरमधील त्या साथीत ३१८ लोक आजारी पडले आणि त्यांतले २८० मरण पावले. असा विषाणू एका प्रवाशाच्या पिशवीतून समुद्रापार आला होता! थर्मास विमानातच फुटला असता तर काय झाले असते, याचा विचार करा. आणि दुसरी नळीही फुटली असती तर? तर जगाला या रोगाची ओळख पटायला आणखी उशीर झाला असता. म्हणजे येथेही त्याच दोन गोष्टी पणाला लागल्या होत्या.

आज असा थर्मास विमानात नेता येत नाही. संसर्गजन्य पदार्थ प्रवाशाने हातातल्या किंवा तपासून जमा केलेल्या सामानातून नेण्यास मनाई आहे. धोकादायक मालाच्या वाहतुकीचे नियम संयुक्त राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञ समितीने तयार केलेले आहेत आणि त्यांत वेळोवेळी सुधारणा होते. विमान वाहतुकीचे आंतरराष्ट्रीय नियम त्यांवरच आधारलेले आहेत. भारतानेही २००३ साली विमानातून धोकादायक माल नेण्याबाबत स्वतंत्र नियम केले.

या नियमांचा गाभा अगदी सोपा आहे. त्याला तिहेरी वेष्टन म्हणतात. तीन वेष्टने एकात एक ठेवायची.

पहिले वेष्टन म्हणजे प्रत्यक्ष नमुन्याची बाटली किंवा नळी. तिचे झाकण पक्के असावे आणि ती गळू नये. रुग्णाचे नाव व क्रमांक बाटलीच्या अंगावर लिहावा, झाकणावर नव्हे. कारण झाकणे निघतात आणि त्यांची अदलाबदल होऊ शकते. बाटलीभोवती कापूस किंवा शोषक कागद गुंडाळावा. तो किती घ्यावा? बाटली फुटली तर आतला सगळा द्रव टिपून घेईल इतका.

दुसरे वेष्टन म्हणजे त्या बाटलीला सामावून घेणारा, न गळणारा दुसरा डबा किंवा जाड पिशवी. एकाच डब्यात अनेक नळ्या असतील, तर प्रत्येक नळी वेगवेगळी गुंडाळावी, म्हणजे त्या एकमेकींवर आपटत नाहीत. कागदपत्रे या डब्याच्या बाहेर ठेवतात. माझी चिठ्ठी बाटलीला चिकटलेली होती, म्हणूनच ती भिजली. ती वेगळ्या पिशवीत असती, तर निदान रुग्णाचे नाव तरी वाचले असते.

तिसरे वेष्टन म्हणजे बाहेरचा मजबूत खोका. तो धक्के सोसतो. त्यावर पाठवणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे नाव व पत्ता असतो, आणि काही घडल्यास ज्याला विचारता येईल अशा जबाबदार माणसाचे नाव व दूरध्वनी क्रमांकही असतो. नमुना थंड ठेवायचा असेल, तर बर्फ दुसऱ्या आणि तिसऱ्या वेष्टनाच्या मध्ये ठेवतात. बर्फ वितळला तरी आतला डबा हलू नये, अशी व्यवस्था करावी लागते.

काही नमुने गोठवून न्यावे लागतात. त्यासाठी कोरडा बर्फ वापरतात. हा पाण्याचा बर्फ नसून घनरूप कार्बन डायऑक्साइड असतो. त्याचे तापमान उणे ७८ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तो वितळत नाही, त्याचा एकदम वायू होतो. म्हणून कोरड्या बर्फाचा खोका कधीही हवाबंद करू नये. वायूला बाहेर पडायला वाट मिळाली नाही, तर खोका फुटतो. येथे एक गंमत लक्षात घ्या. आतली दोन वेष्टने गळता कामा नयेत, पण बाहेरच्या खोक्याला मात्र श्वास घेता आला पाहिजे.

सर्व नमुने सारखे धोकादायक नसतात. म्हणून त्यांचे वर्ग पाडले आहेत. ज्याच्या संपर्काने निरोगी माणूस किंवा जनावर दगावू शकते, त्याच्या जिवावर बेतू शकते अथवा त्याला कायमचे अपंगत्व येऊ शकते, असा पदार्थ ‘अ’ वर्गात येतो. माणसाच्या बाबतीत त्याला यूएन २८१४ हा क्रमांक आहे. एबोला आणि निपाह हे विषाणू कोणत्याही रूपात असोत, ते ‘अ’ वर्गातच मोडतात. रोज दवाखान्यातून तपासणीसाठी जाणारे बहुतेक संशयित नमुने ‘ब’ वर्गात येतात. त्यांच्या खोक्यावर चौकटीच्या पत्त्यासारखी एक आकृती असते आणि तिच्यात यूएन ३३७३ असे लिहिलेले असते. या आकृतीची प्रत्येक बाजू निदान ५० मिलिमीटर हवी, असाही नियम आहे. जगात कोणतीही भाषा बोलणारा हमाल, वैमानिक किंवा टपाल कर्मचारी हा क्रमांक पाहून खोक्यात काय आहे ते ओळखतो.

तुम्ही विचाराल, एकच रोगजंतू दोन वर्गांत असू शकतो का? हो. पोलिओचेच उदाहरण घ्या. पोलिओच्या शंकेने घेतलेला मुलाच्या शौचाचा नमुना ‘ब’ वर्गात जातो. पण प्रयोगशाळेत त्याच विषाणूची मुद्दाम वाढ केली, की ती वाढ ‘अ’ वर्गात जाते. कारण वाढवलेल्या विषाणूंची संख्या प्रचंड असते. धोका जंतूच्या नावाइतकाच त्याच्या प्रमाणावर आणि रूपावर अवलंबून असतो.

वर्गाप्रमाणे खोक्याची परीक्षाही बदलते. होय, खोक्यांनाही परीक्षा द्यावी लागते! ‘ब’ वर्गाचा खोका १.२ मीटर उंचीवरून खाली टाकून पाहतात. ‘अ’ वर्गाचा खोका ९ मीटरवरून, म्हणजे जवळजवळ तीन मजल्यांच्या उंचीवरून टाकतात. तरीही आतली बाटली गळता कामा नये. विमान उंच गेले की हवेचा दाब कमी होतो आणि सैल झाकण आतल्या दाबाने उघडू शकते. म्हणून आतल्या वेष्टनाने दाबातला मोठा फरक सहन करावा, अशीही अट आहे.

हे सारे वाचून तुम्हाला वाटेल की हे नियम फक्त भीतीपोटी केलेले आहेत. तसे नाही. या नियमांनी आपल्या देशाला काय मिळवून दिले, ते आता पाहू.

‘दो बूंद जिंदगी के’ ही हाक तुम्ही ऐकलीच असेल. १९९५ साली भारतात पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. मोहिमेत कोट्यवधी बालकांना डोस पाजले गेले, हे सर्वांना माहीत आहे. पण डोस पाजल्याने रोग खरोखर संपला की नाही, हे कसे कळणार? त्यासाठी दुसरे एक शांत काम चालू होते. पंधरा वर्षांखालील एखाद्या मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, की आरोग्य कर्मचारी त्याच्या घरी जात. लुळेपणा आल्यापासून १४ दिवसांच्या आत त्याच्या शौचाचे दोन नमुने घेत. दोन्हींमध्ये निदान २४ तासांचे अंतर ठेवत. प्रत्येक नमुना मोठ्या माणसाच्या अंगठ्याच्या पेराएवढा. उशीर झाला तर शौचातून विषाणू बाहेर पडण्याचे प्रमाण कमी होते आणि मग तो सापडत नाही. गेलेले ते दिवस परत मिळत नाहीत.

हे नमुने २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात, बर्फाच्या पिशव्या घातलेल्या डब्यातून, तीन दिवसांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवायचे असत. मुंबईत परळला हाफकिन संस्थेच्या आवारात अशीच एक प्रयोगशाळा होती. तिचे नाव आंत्रविषाणू संशोधन केंद्र. लस भांडारापासून बालकापर्यंत थंड ठेवून नेतात, त्या व्यवस्थेला शीतसाखळी म्हणतात. नमुना बालकापासून प्रयोगशाळेपर्यंत थंड नेतात, म्हणून तिला उलटी शीतसाखळी म्हणतात. दोन्हींचे डबे दिसायला सारखे, पण नमुन्याचा डबा लसीसाठी कधीही वापरायचा नाही, हा कडक नियम.

नमुना पोहोचताच प्रयोगशाळेत तपासणीआधी चार-पाच गोष्टी पाहत. बर्फ शिल्लक आहे का? डबा गळला आहे का? नमुना पुरेसा आहे का? तो सुकला आहे का? कागद बरोबर आहेत का? असे का बरे? नीट विचार करा. उन्हात तापलेल्या नमुन्यातला विषाणू मेला, तर प्रयोगशाळा ‘विषाणू आढळला नाही’ असा निकाल देईल. तो निकाल खोटा असेल, पण खरा वाटेल. सगळे निश्चिंत होतील आणि रोग मात्र गुपचूप शेजारच्या वस्तीत जाईल. फुटलेला डबा निदान डोळ्यांना दिसतो. तापलेला नमुना काही सांगत नाही.

१३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात एका लहान मुलीला पोलिओची बाधा झाली. भारतातला जंगली पोलिओ विषाणूचा तो शेवटचा रुग्ण ठरला. पण ‘शेवटचा’ हा शब्द त्या दिवशी कोणीही उच्चारू शकत नव्हते. त्यानंतर तीन वर्षे देशभरातून लुळ्या पडलेल्या मुलांचे नमुने येत राहिले, तपासले जात राहिले आणि त्यांत तो विषाणू सापडला नाही. मग २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. ‘आहे’ हे एका नमुन्याने सिद्ध होते. ‘नाही’ हे सिद्ध करायला हजारो नमुने नीट पोहोचावे लागतात. एस.टी.च्या टपावरून, रेल्वेने, मोटारसायकलवरून डबे पोहोचवणाऱ्या अनेक अनाम हातांचा त्या प्रमाणपत्रात वाटा आहे.

आपल्या महाराष्ट्रातील पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था १९५२ साली स्थापन झाली. नवा किंवा भयंकर रोग आला, की देशभरातून नमुने तिच्याकडे धाव घेतात. मे २०१८ मध्ये केरळातील कोझिकोड जिल्ह्यात निपाहची साथ आली, तेव्हा रोगाची खात्री पुण्याने केली. ३० जानेवारी २०२० रोजी भारतातील पहिला कोरोना रुग्ण जाहीर झाला. केरळातल्या त्या रुग्णाचा नमुनाही पुण्यालाच तपासला होता. इतक्या लांबचा प्रवास करून आलेल्या नळीवर विश्वास ठेवता आला, म्हणूनच निकालावर विश्वास ठेवता आला.

मित्रांनो, तुमच्यावर ‘अ’ वर्गाचा खोका नेण्याची पाळी येणार नाही. ते काम प्रशिक्षण घेतलेल्या माणसांचे आहे. पण घरच्यांचा साधा नमुना पोहोचवण्याची वेळ आली, तर एवढे नक्की करा. बाटलीवर पूर्ण नाव लिहिले आहे ना, ते पाहा. झाकण घट्ट लावा. बाटली कापसात गुंडाळून झाकणाच्या डब्यात उभी ठेवा. चिठ्ठी वेगळ्या पिशवीत ठेवा. जेवणाचा डबा, पाण्याची बाटली त्या पिशवीत ठेवू नका. ऊन लागू देऊ नका, वाटेत रेंगाळू नका. पोहोचल्यावर साबणाने हात धुवा. बाटली फुटली किंवा गळली, तर उघड्या हाताने काच उचलू नका आणि गुपचूप पुसूनही टाकू नका. लाज न बाळगता तेथल्या कर्मचाऱ्याला किंवा मोठ्या माणसाला सांगा. लपवलेली गळती ही उघड गळतीपेक्षा अधिक घातक असते.

शेवटी एका शब्दाची गोष्ट सांगतो. विश्वासाने दुसऱ्याच्या हवाली केलेल्या वस्तूला आपण उर्दूत ‘अमानत’ म्हणतो. हाच शब्द मराठीत आला आणि बोलता बोलता त्यातल्या अक्षरांची जागा बदलून ‘अनामत’ झाला. अक्षरे बदलली, पण जबाबदारी तीच राहिली. त्या बाटलीत एका आजारी माणसाची अनामत असते. त्याचे नाव, त्याचा आजार आणि त्याची बरे होण्याची आशा. ती जशी मिळाली तशीच पोहोचवायची आणि वाटेत कोणाला इजा होऊ द्यायची नाही.

मी त्या दिवशी खिडकीला डोके टेकून झोपलो होतो. तुम्ही जागे राहा.

शब्दार्थ

बेडका – खोकल्याबरोबर छातीतून येणारा कफ
हवाली करणे – सोपवणे
वेष्टन – आवरण, गुंडाळण्याची वस्तू
शोषक – द्रव टिपून घेणारा
संसर्गजन्य – एकापासून दुसऱ्याला होणारा
शाबूत – न फुटलेला, सुरक्षित
पणाला लागणे – धोक्यात येणे
लुळा – शक्ती गेलेला, हलवता न येणारा

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लेखकाने डॉक्टरांची चिठ्ठी कोठे ठेवली होती?
(आ) कोरड्या बर्फाचा खोका हवाबंद का करू नये?
(इ) भारतातला जंगली पोलिओचा शेवटचा रुग्ण कोणत्या जिल्ह्यात आढळला?

प्रश्न २. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) तिहेरी वेष्टनातील प्रत्येक वेष्टनाचे काम सांगा.
(आ) ‘तापलेला नमुना काही सांगत नाही’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.

प्रश्न ३. ‘अमानत’ आणि ‘अनामत’ यांप्रमाणे उर्दू व मराठीत थोड्या फरकाने वापरले जाणारे पाच शब्द शोधून लिहा.

उपक्रम : जवळच्या आरोग्य केंद्राला शिक्षकांबरोबर भेट द्या. तेथून नमुने तपासणीसाठी कसे पाठवतात, याची माहिती घेऊन दहा ओळी लिहा.